सडा पोटखराब नव्हे : हवा, माती आणि गवत यांचा एक पाठ

या स्मरणिकेसाठी विज्ञान विभागाने काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा विषय आमच्यापुढे आयताच उभा होता. वसतिगृहामागच्या सड्यासंबंधी काही माजी विद्यार्थ्यांनी विद्यालयाकडे एक प्रस्ताव दिला आहे. गाड्या भरून लाल माती आणावी, ती कातळावर पसरावी, शेणखत आणि रासायनिक खत घालावे, झाडे लावावीत, मधल्या जागेत हिरवळ राखावी; ज्या उघड्या कातळावर आपण चटके सोसत खेळलो, तेथे पुढच्या मुलांना सावली मिळावी, असा त्यांचा विचार. खर्चाची तयारीही त्यांनीच दाखविली आहे. विद्यालयाविषयीचे हे प्रेम आम्ही जाणतो. तरीही या प्रस्तावाला आमची संमती नाही. शिक्षकांनी वृक्षारोपणास नाही म्हणावे, हे वाचून कोणासही नवल वाटेल. म्हणूनच नुसता नकार न कळविता त्यामागची कारणे पाठाच्या रूपाने सर्वांपुढे मांडावीत, असे आम्ही ठरविले.

पाठाचा आशय एका वाक्यात सांगता येईल. सड्यावरचे जीवन मातीच्या श्रीमंतीवर नव्हे, तर तिच्या गरिबीवर उभे आहे. आणि ही गरिबी दोन वाटांनी मोडते, एक वाट मातीतून घातलेल्या खताची आणि दुसरी हवेतून उतरणाऱ्या खताची.

सडा कसा झाला

रत्नागिरीत राहणाऱ्यास जांभा दगड दाखवावा लागत नाही. आपल्या घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे, शेताचे गडगे सारे जांभ्याचे. शास्त्रात या दगडास लॅटेराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात दिले. मलबारातील अंगाडिपुरम येथे हा दगड खाणीतून मऊ असताना विटांसारखा कापला जातो आणि उघड्या हवेत कठीण होतो, हे पाहून त्याने 'वीट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते नाव घडविले.

जांभा हा पावसाने धुऊन धुऊन उरलेला दगड आहे. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांच्या माऱ्याने मूळ खडकातील चुना, पोटॅश, मॅग्नेशियम हे विरघळणारे घटक लक्षावधी वर्षांत वाहून गेले. मागे राहिले ते प्रामुख्याने लोह आणि ॲल्युमिनियम. जांभ्याचा लाल रंग या लोहाच्या गंजाचाच. आजही रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. सड्यावर जी काही माती साचते, ती खळग्यांत, भेगांत, बोटभर किंवा वीतभर. तिच्यातले नत्र पाण्याबरोबर निघून जाते. स्फुरदाची गोष्ट निराळी आहे. लोह आणि ॲल्युमिनियम त्याला असे धरून ठेवतात, की ते मातीत असूनही मुळांच्या हाती लागत नाही. मोसमात पाण्याने तुडुंब, मोसमानंतर तव्यासारखी तापलेली आणि बाराही महिने उपाशी अशी ही जमीन आहे.

सरकारी दप्तराने तिला साजेसे नाव दिले. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य असलेल्या क्षेत्राची नोंद 'पोटखराब' अशी होते. त्याहून थोडी बरी, नाचणी-वरीपुरती जमीन ती 'वरकस'. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशीच वरकस जमीन कसली आणि तिच्या पिकातूनही खोताचा वाटा भरला. ही खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले, हा इतिहास या विद्यालयात शिकलेल्या कोणासही नव्याने सांगावयास नको. ज्यांच्या आजोबांनी डोक्यावरून माती वाहून दगडावर पीक उभे केले, त्यांच्या नातवंडांना उघडा कातळ दिसताच त्यावर माती घालावीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे इतकेच, की पोटखराब हा शब्द महसुलाच्या हिशेबाचा आहे, निसर्गाच्या हिशेबाचा नाही.

उपाशी जमिनीवरची वस्ती

आषाढ ते आश्विन या काळात सड्यावर गेलेल्या विद्यार्थ्यास आम्ही प्रथम खाली बसावयास सांगतो. उभ्याने पाहिले तर नुसते हिरवे दिसते. बसून पाहिले म्हणजे वस्ती दिसू लागते.

पाणी साचलेल्या उथळ जागी गेंदाची पांढरी, मण्याएवढी डोकी असतात. जवळच निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवे. त्यांच्या ओल्या मातीतील सूक्ष्म फुग्यांत पाण्यातले बारीक जीव ओढले जातात आणि तेथेच पचतात. थोड्या उंचवट्यावर दवबिंदू नावाची तांबूस वनस्पती. तिच्या पानांवरील चिकट थेंबांना लागलेला किडा सुटत नाही. कवळ्याची पिवळी फुले, आभाळीची निळी-जांभळी फुले, तेरडा, आणि या सर्वांच्या मधून वीतभर उंचीची बारीक पात्यांची गवते. पावसाच्या आरंभी कोठे कोठे दीपकाडीची पांढरी फुलेही दिसतात. तिचे शास्त्रीय नाव डिपकॅडी कोंकनेन्स. नावातच कोकण आहे, कारण ती कोकणाबाहेर सहसा आढळत नाही. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील सडा तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच सड्यावर प्राचीन कातळशिल्पेही आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२२ साली झाला, त्यात देवाचे गोठणे आहे. दगडावरचे चित्र आणि दगडावरचे फूल, दोन्ही एकाच उघडेपणामुळे टिकले आहेत.

आता या वनस्पतींचा स्वभाव पाहू. सीतेची आसवे आणि दवबिंदू किडे खातात, कारण मातीतून पुरेसे नत्र मिळत नाही. कवळा हा शेंगवर्गातला. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतले नत्र बांधून त्याला देतात. गेंदाने आपले शरीरच लहान ठेवले आहे; थोडक्यात भागवायचे हा त्याचा मार्ग. दीपकाडी वर्षाची शिदोरी कंदात साठवून आठ महिने जमिनीखाली काढते. थोडे अन्न असताना कसे जगावे, याच्या निरनिराळ्या युक्त्या येथे शेजारी शेजारी नांदत आहेत. कोणालाच भरपूर मिळत नसल्यामुळे कोणीच इतका वाढत नाही, की दुसऱ्याच्या डोक्यावरचे ऊन हिरावून घेईल. सड्यावरच्या विविधतेचे मूळ येथे आहे.

अन्न वाढले की काय होते

याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. तो आमच्या स्वयंपाकघरामागे आहे आणि त्यातला दोषही आमचाच आहे. भांडी धुतलेले पाणी गेली कित्येक वर्षे एका चरातून सड्याच्या कडेला सोडले जाते. खरकटे, राख आणि साबण घेऊन ते उतरते. त्या चराच्या दोन्ही बाजूंना आज कमरेएवढी हिरवळ आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यास ती छान वाटते. जवळ जाऊन मोजले तर टाकळा, आघाडा, रानमोडी, हराळी आणि थोडे अळू एवढेच सापडते. पाच-सहा पावलांवर, जेथे ते पाणी पोहोचत नाही, तेथे घोट्याच्या उंचीखाली एका हाताच्या जागेत याहून कितीतरी अधिक प्रकार मोजता येतात. हिरवेपणा वाढला, वस्ती मात्र उठली.

असे का होते, याचा जगातील सर्वांत जुना चालू प्रयोग इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे आहे. लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८५६ साली तेथील एका गवताळ कुरणाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकास वेगळे खत देण्यास आरंभ केला. हेतू साधा होता : कोणत्या खताने वाळले गवत अधिक मिळते ते पाहणे. गवत वाढलेच, पण काही वर्षांतच तुकड्यांचा चेहरामोहरा बदलला. ज्या तुकड्यांना काहीच दिले जात नाही, तेथे आजही चाळीसच्या आसपास जाती एकत्र वाढतात. ज्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले आणि चुना दिला नाही, अशा तुकड्यांत दोन-तीन जातीच उरल्या आहेत. मूळ कुरण एक, पाऊस एक, ऊन एक; फरक फक्त वरून पडलेल्या घासाचा.

या ऱ्हासाची कारणे दोन. पहिले कारण उजेडाचे. नत्र मिळताच उंच, रुंद पानांच्या, घाईने वाढणाऱ्या जाती उसळी घेतात आणि खालच्यांवर सावली धरतात. झुरिक विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात खत घातलेल्या गवताच्या तळाशी दिवे लावून उजेड पुरविला, तेव्हा लहान जातींची हानी टळली. खताने त्यांना विष घातले नव्हते, त्यांचे ऊन अडविले होते. दुसरे कारण आम्लतेचे. अमोनियायुक्त नत्र जमिनीत मुरताना ती आम्ल होत जाते. आम्लता फार वाढली की मातीत बंदिस्त असलेले ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि कोवळी मुळे खुरटतात. आपल्या जांभ्याच्या मातीत ॲल्युमिनियमची वाण नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

स्फुरदाचेही असेच आहे. युरोपातील ओलसर गवताळ जागांची पाहणी करणाऱ्यांना दिसले, की दुर्मीळ होत चाललेल्या जाती नत्राची टंचाई असलेल्या जागांपेक्षा स्फुरदाची टंचाई असलेल्या जागीच अधिक टिकून आहेत. म्हणजे स्फुरदाची टंचाई ही त्यांची ढाल ठरली आहे. आणि स्फुरद एकदा मातीत शिरले, की नत्रासारखे सहज धुपून जात नाही.

हिशेबासाठी आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. पूर्ण वाढलेल्या हापूसच्या कलमास वर्षाला सुमारे दीड किलो नत्र द्यावे, अशी कोकणात रूढ शिफारस आहे. दहा-दहा मीटरवर कलमे लावली तर एका हेक्टरात शंभर कलमे बसतात. म्हणजे हेक्टरी दीडशे किलो नत्र झाले. आंब्याला ते लागते. त्यावर अनेक कुटुंबांचे वर्ष उभे आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८२ पासून चाललेल्या प्रयोगांत असे आढळले, की हेक्टरी केवळ दहा किलो जादा नत्र वर्षानुवर्षे दिले, तरी गवताळ जमिनीतील वनस्पतींच्या जाती सतरा टक्क्यांनी घटतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की कमी मात्रेतच दर किलोमागे होणारी हानी अधिक असते. पहिले थोडे किलोच सर्वांत महाग पडतात. 'थोडेसेच खत घालू' या म्हणण्यातला धोका यातून कळावा.

आकाशातून पडणारे खत

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग सड्यावर काही घालूच नये म्हणजे झाले. परंतु खताची दुसरी वाट आपल्या हातातल्या घमेल्यातून जात नाही. ती हवेतून येते.

हवेचा अठ्ठ्याहत्तर टक्के भाग नत्राचाच आहे. पण त्याचे रेणू इतके घट्ट जोडलेले असतात, की वनस्पतींना ते वापरता येत नाहीत. निसर्गात ही गाठ मुख्यतः काही जीवाणू आणि वीज सोडवितात. विसाव्या शतकात माणसानेही ती सोडविली. फ्रिट्झ हाबर याने १९०९ साली प्रयोगशाळेत हवेतील नत्रापासून अमोनिया बनवून दाखविला आणि कार्ल बॉश याने १९१३ पासून त्याचे कारखान्यातील उत्पादन सुरू केले. युरियाचे पोते याच शोधातून आपल्या बांधावर पोहोचले. त्या पोत्याने जगाची भूक भागविण्यास फार मोठा हातभार लावला, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र शेतात टाकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. शेणाच्या उकिरड्यातूनही अमोनिया सुटतो. दुसरीकडे कोळसा, डिझेल, पेट्रोल, वायू यांपैकी काहीही उच्च तापमानाला जाळले, की हवेतले नत्र आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ही दोन्ही द्रव्ये वाऱ्याबरोबर दूर जातात आणि पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर जमिनीवर उतरतात. शेत, रान, सडा असा भेद ती करीत नाहीत. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड पावसात मिसळून आम्ल बनते आणि जमिनीची आम्लता वाढविते.

ब्रिटनमधील संशोधकांनी आम्ल जमिनीवरील अडुसष्ट गवताळ जागांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. हवेतून उतरणारे नत्र वर्षाला हेक्टरी अडीच किलोंनी वाढले, की चार चौरस मीटरच्या चौकटीतील वनस्पतींची एक जात कमी होते. त्या जागांवर कोणी शेतकरी खत घेऊन गेला नव्हता. हॉलंडमध्ये पशुपालनातून सुटणाऱ्या अमोनियाने हीथ नावाच्या झुडपांची माळराने पाहता पाहता गवताखाली गेली. ती परत आणण्यासाठी तेथील लोकांना वरचा सुपीक थर खरवडून काढावा लागला. जी माती आणण्यासाठी आपण पैसे मोजण्यास निघालो आहोत, ती काढून टाकण्यासाठी तेथे पैसे मोजावे लागले. स्वीडनमधील पाणथळ जागी वाढणाऱ्या दवबिंदूच्या एका भावंडाचा अभ्यास तर बोलका आहे. जेथे हवेतून अधिक नत्र उतरते, तेथे ही वनस्पती किड्यांवर कमी आणि मुळांवर अधिक अवलंबून राहू लागते. यात तिचा लाभ वाटेल. परंतु जेथे मुळांनाच भरपूर मिळते, तेथे उंच गवतही येते आणि किडे धरण्याच्या युक्तीचे मोल उरत नाही.

आपल्या जिल्ह्याकडे वळू. मोसमी पावसाचे वारे अरबी समुद्रावरून येतात आणि त्या काळात हवा पुष्कळ निर्मळ असते, हे आपले भाग्य. पण उरलेल्या आठ महिन्यांत महामार्गावरच्या वाहनांचा धूर, जयगड येथील कोळशावरच्या १,२०० मेगावॅटच्या वीजप्रकल्पासारख्या मोठ्या चुली, बंदरांतील यांत्रिक होड्या, गावोगाव जळणारा कचरा, फाल्गुन-चैत्रातले वणवे, चिरेखाणींची आणि रस्त्यांची धूळ या साऱ्यांतून हवेत काही ना काही मिसळत असते. पाऊस नसताना त्यातले बरेचसे कोरडेच खाली बसते. पुढे मृगाच्या पहिल्या सरी ही साठवण विरघळवून कातळाच्या खळग्यांत नेतात. पहिल्या सरींचे पाणी नंतरच्या पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते, ही पावसाच्या पाण्याच्या परीक्षणांत नेहमी आढळणारी गोष्ट आहे. आणि सड्यावरचे बी रुजते ते नेमके याच पाण्यात. उन्हाळ्यातील तीव्र सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून जमिनीलगत ओझोन वायूही बनतो. तो पानांच्या रंध्रांतून आत शिरून त्यांना इजा करतो. सड्यावरच्या पावसाळी वनस्पती त्या वेळी बीजरूपाने किंवा कंदरूपाने निजलेल्या असल्याने त्यांना त्याची झळ कमी. बारमाही झाडांना अधिक.

रत्नागिरीकरांना हवेची काळजी नवी नाही. १९९३ साली तांबे शुद्ध करण्याच्या नियोजित कारखान्यास येथील लोकांनी विरोध केला आणि तो प्रकल्प येथून गेला. त्या वेळी आंब्याचा मोहोर आणि समुद्रातील मासळी या दोहोंची चिंता लोकांना होती. ती रास्तच होती, कारण त्यांवर पोट चालते. आमचे मागणे इतकेच, की यापुढे हवेच्या हिशेबात आंबा आणि मासळी यांच्याबरोबर सड्यावरचे गवतही धरले जावे. त्याला बाजारभाव नाही म्हणून त्याचे नुकसान कोणाच्या खात्यावर पडत नाही. पण नुकसान होतच असते.

आपल्या वाडवडिलांचे शहाणपण

या प्रश्नाकडे आपल्या शेतीच्या रीतीतूनही पाहता येते. भाताचा तरवा पेरण्यापूर्वी आपल्याकडे भाजावळ करीत. रानातला पाला, सड्यावरचे गवत, शेण यांचे थर तरव्याच्या जागेवर पसरून ते जाळीत. यालाच राब म्हणतात. त्यामुळे वरच्या जमिनीतले अन्न खालच्या शेतात येत असे. कार्तिकात सड्यावरचे गवत कापून छपरासाठी आणि वैरणीसाठी नेत. गुरे दिवसभर सड्यावर चरत आणि रात्री गोठ्यात शेण टाकीत. अन्न सतत वरून खाली उतरत होते. सडा गरीब राहिला आणि शेत पोसले गेले. राबाच्या धुराचे आणि झाडांच्या छाटणीचे दोष आम्ही नाकारीत नाही. परंतु कोठे अन्न घालावे आणि कोठून काढावे, याचे भान त्या व्यवस्थेत होते. आजचा प्रस्ताव नेमका उलटा आहे. शेतातली माती आणि खत वर नेऊन जेथे त्यांची गरज नाही, तेथे ओतावयाचे.

आणखी एक गोष्ट. डॉ. अपर्णा वाटवे यांनी उत्तर सह्याद्री व कोकणातील खडकाळ सड्यांच्या स्थितीचा आढावा २०१३ साली प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांमुळे सडे ही स्वतंत्र आणि नाजूक परिसंस्था आहे, हे अभ्यासकांत आता मान्य झाले आहे. कास पठाराचे नाव सर्वांना ठाऊक आहे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. आपला सडा कासएवढा मोठा नाही, प्रसिद्धही नाही. तरी तो त्याच घराण्यातला आहे.

आमचे उत्तर आणि आमची विनंती

नकार देऊन थांबणे शिक्षकास शोभत नाही. म्हणून पुढील पर्याय आम्ही नम्रपणे सुचवितो.

झाडे अवश्य लावावीत. पण जेथे खोल माती आहे तेथे. विद्यालयाच्या रस्त्याच्या दोन्ही कडा, विहिरीजवळील उतार, जुन्या भातखाचरांचे बांध या जागा त्यासाठी मोकळ्या आहेत. मुलांना सावली हवी, ही इच्छा तेथे नक्की पूर्ण होईल.

स्वयंपाकघराचे सांडपाणी सड्याकडून वळवून केळी आणि माडांच्या आळ्यांत न्यावे. हे काम आमचे आहे आणि येत्या पावसाळ्यापूर्वी ते पुरे करण्याचे आम्ही मनावर घेतले आहे. कचरा जाळणे बंद करून त्याचे खत करावे आणि ते खत भाजीच्या वाफ्यांना द्यावे. सड्यावर वाढलेले गवत कार्तिकात कापले, तर तेथेच कुजू न देता उचलून न्यावे.

आता पाठातील गृहपाठ. भाद्रपदात प्रत्येक वर्गाने सुतळीने एक-एक मीटरचे तीन चौरस आखावेत : पहिला उघड्या सड्यावर, दुसरा सांडपाण्याच्या चराशेजारी, तिसरा डांबरी रस्त्याच्या कडेला. प्रत्येक चौरसात वेगवेगळ्या वनस्पती किती, सर्वांत उंच रोप किती सेंटीमीटर, आणि तळाशी ऊन पोहोचते की नाही, या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे. रोप उपटू नये. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजावे. चराचे पाणी वळविल्यावर तेथे गेंद केव्हा परततो, हे या वहीतूनच आपल्याला कळेल. घाई करून चालणार नाही. मिनेसोटात खत थांबवून दहा वर्षे लोटल्यावर जातींची संख्या सावरली होती. पण कोणती जात किती प्रमाणात असावी, ती जुनी घडी बसली नव्हती. बिघडविण्यास एक पोते पुरते, सावरण्यास एका पिढीचे शालेय जीवन लागते. माजी विद्यार्थ्यांनी मातीच्या खर्चाऐवजी भिंगे, मोजपट्ट्या आणि अशा वह्यांचे एक कपाट दिले, तर त्यांचे नाव सड्यावर कोरण्यापेक्षा अधिक काळ टिकेल.

शेवटी एक आठवण. वर्षावासात आपल्या वसतिगृहात ग्रंथवाचन चालते, ते सर्वांनी अनुभवले आहे. हा वर्षावास सुरू कसा झाला, हे विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरत राहतात, कोवळे हिरवे गवत तुडवितात, एकेंद्रिय जीवांना इजा करतात, लहान लहान प्राणी त्यांच्या पायांखाली मरतात, अशी लोकांनी तक्रार केली. ती ऐकून बुद्धांनी पावसाळ्यात एके ठिकाणी वास करण्याचा नियम घालून दिला. लोकांनी गवताच्या वतीने बोलावे आणि संघाने आपली रीत बदलावी, असा हा प्रसंग आहे. त्या गवताला तेव्हाही बाजारभाव नव्हता.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे ते तीन महिने म्हणजे आपल्या सड्याचे अवघे आयुष्य. त्या काळात स्नेहमेळाव्यास किंवा पालकभेटीस आलात, तर पादत्राणे कडेला काढून सड्याच्या टोकाशी आमच्याबरोबर क्षणभर खाली बसावे. आपल्या पाल्यास गेंद दाखवावयास सांगावे. तो दाखवील, अशी आमची खात्री आहे. त्यानंतरही माती पसरावी असे आपणांस वाटले, तर आपण पुन्हा बोलू.